उरलेलं डब्यातच राहू द्या

माननीय संचालक मंडळ, मुख्याध्यापिका बाई आणि नर्सरीच्या सर्व टीचर यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या नर्सरीच्या वर्गातल्या एका मुलीची मी आई. हे पत्र मुलांनी डबा पूर्ण संपवलाच पाहिजे, या शाळेच्या नियमाबद्दल आहे. शाळेचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. मुलुंड, भांडुप, दादर, गिरगाव अशा ठिकाणी राहणाऱ्या मैत्रिणींशी बोलले, तेव्हा बहुतेकींनी ‘आमच्याकडेही असंच चालतं’ म्हणून सांगितलं. म्हणजे प्रश्न एका शाळेपुरता नाही. पत्र उघडपणे लिहायचं कारण असं की ऑगस्टच्या पालकसभेत मी हाच विषय काढला होता आणि ‘नियम सगळ्यांना सारखा आहे’ म्हणून तो मिटवला गेला. दिवाळीच्या सुट्टीनंतर आता नवी सूचना आली आहे. वर्गातल्या ‘डबा फस्त’ तक्त्यावर ज्या मुलाला सर्वांत जास्त तारे मिळतील, त्याला स्नेहसंमेलनात व्यासपीठावर बोलावून बक्षीस देणार आहेत. तीन वर्षांच्या मुलांना, पोट भरलं तरी खात राहिल्याबद्दल बक्षीस. यावर गप्प बसणं मला जमत नाही.

जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा लेक पावणेतीन वर्षांची होती. आपलं सूचनापत्रक आलं: दोन कप्प्यांचा डबा, एकात पोळी-भाजी किंवा तसंच काही, दुसऱ्यात फळ किंवा सुका खाऊ, डबा ‘भरलेला’ असावा आणि मुलाने तो पूर्ण संपवावा. मी फोर्टला नोकरी करते. आठच्या सुमाराची फास्ट लोकल पकडायची म्हणजे साडेसहाला ओट्यापाशी उभं राहावं लागतं. पहिल्या दिवशी मी अर्धी पोळी आणि दोन चमचे भाजी दिली. डबा चकचकीत धुऊन परत आला, डायरीत सोनेरी तारा. म्हटलं, संपवला, अजून हवं असेल. पाऊण पोळी केली. तारा. अख्खी पोळी तूप लावून, चार चमचे भाजी, अख्खं केळं. रोज तारा. इतके दिवस आपण घरी हिला कमी वाढत होतो की काय, या विचाराने मला रात्री अपराधी वाटायचं. सासूबाईसुद्धा म्हणाल्या, ‘शाळेत भूक लागते गं मुलांना, खेळतात ना.’

जुलैच्या अखेरीस तिच्या खोकल्यासाठी डॉक्टरांची वेळ घेतली होती. सुट्टी काढून मी तिला न्यायला पावणेअकरालाच आले. पाऊस कोसळत होता, म्हणून वॉचमनने मला मागच्या पॅसेजमध्ये उभं केलं. तिथे मावशी डबे धूत होत्या. नळाखाली डब्यांची रांग आणि शेजारी एक निळी बादली. बादलीत इडलीचे तुकडे होते, मेथीच्या पराठ्याच्या घड्या होत्या, काळ्या पडलेल्या सफरचंदाच्या फोडी होत्या, आणि त्यावर माझी थालीपीठं. माझीच, कारण बीट किसून घातलेली लालसर थालीपीठं मी मसाल्याच्या डब्यातल्या वाटीने गोल पाडते, तिच्या मुठीत मावतील एवढी. त्या दिवशी आठ दिली होती. बादलीत मी सात मोजली. सहा अख्खी, आणि एकाच्या कडेला दातांची बारीक चंद्रकोर.

घरी आल्यावर डायरी उघडली. तारा होता.

मावशींचा यात काही दोष नाही. विचारल्यावर त्या सरळच बोलल्या, ‘ताई, डबे रिकामे करून, धुऊन द्यायचे असं सांगितलंय. उरलेलं बघितलं की पालक तक्रार करतात.’ बावीस मुलं, एक टीचर, एक मावशी. कुणी काय खाल्लं हे बघत बसायला त्यांना वेळ कुठला? ज्यांचं राहतं त्यांना शेवटच्या पाच मिनिटांत भरवायचं, तरी जे उरेल ते बादलीत, आणि डबा स्वच्छ दिसला की तारा. माझ्या लेकीच्या त्या दीड महिन्याच्या ताऱ्यांतले किती खरे होते, हे आता मला कोण सांगणार?

मला आपल्यापुढे मांडायचा मुख्य मुद्दा हाच आहे. घरी मूल जेवायला बसतं तेव्हा आपण आधी थोडंसंच वाढतो. ‘लागलं तर माग’ म्हणतो. तिने मान फिरवली की कळतं, पुरे झालं. डब्यात यातलं काहीच होत नाही. डबा म्हणजे साडेतीन तास आधी वाढून ठेवलेलं ताट. जिने वाढलं ती तोपर्यंत लोकलमध्ये किंवा ऑफिसात पोचलेली असते. मुलाला मागता येत नाही, नको म्हणता येत नाही. त्यामुळे आई अंदाजाने भरते, आणि कुठलीही आई अंदाज करताना एक घास जास्तच घालते, कारण कमी पडलं तर, हा विचार तिला सोसत नाही. म्हणजे डब्यात थोडं उरणारच. काय उरलं, किती उरलं, भाजी उरली की पोळी, हे बघूनच दुसऱ्या दिवशीचा अंदाज सुधारता येतो. पावणेतीन वर्षांच्या मुलीला ‘आज मी किती खाल्लं’ हे सांगता येत नाही. तिच्यासाठी डबाच ते सांगतो. आपण नेमकं तेच पुसून टाकता. मग अंदाज माझा चुकतो आणि भरवलं जातं तिला.

डॉक्टरांनी त्या दिवशी खोकला तपासला आणि वजनाचा तक्ताही काढला. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या तिप्पट होतं. दुसऱ्या वर्षात ते दोन-अडीच किलोच वाढतं आणि पुढे वर्षाला साधारण दोन किलो. वाढ मंदावते तशी भूकही मंदावते. बाळ असताना वाटीभर खिमटी चाटूनपुसून खाणारं मूल अडीच वर्षांचं झालं की दोन घासांत उठतं, त्यात आजार काही नसतो. शिवाय आज भरपूर, उद्या काहीच नाही, असं या वयात होतच राहतं. मूल नीट खातंय की नाही, हे काही महिन्यांच्या वजनावरून ठरवायचं असतं. लेकीचं वजन तिच्या रेषेवर व्यवस्थित होतं. मी मात्र डब्यातली पोळी दुपटीवर नेली होती.

मग मी बसून हिशेब केला. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला हजार कॅलरींच्या आसपास ऊर्जा लागते, असं राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या शिफारशी सांगतात. तूप लावलेली एक पोळी म्हणजे शंभर-सव्वाशे कॅलरी, तेलातली भाजी पन्नास-साठ, केळं नव्वद-शंभर. आपल्या सूचनेप्रमाणे भरलेला माझा डबा पावणेतीनशे कॅलरींच्या घरात जात होता. दिवसाच्या गरजेचा पाव हिस्सा, तोही दूध आणि नाश्ता झाल्यावर दोन तासांत, आणि घरच्या वरणभाताच्या आधी. या वयासाठी डॉक्टर एक सोपं माप सांगतात: वय जितकी वर्षं, तितके मोठे चमचे, प्रत्येक पदार्थाचे. म्हणजे तिच्यासाठी तीन चमचे उपमा आणि तीन चमचे फळाच्या फोडी. संपलं आणि हवं असेल तर आणखी. हे इतकं थोडंसं दोन कप्प्यांच्या डब्यात तळाशी पडलेलं दिसतं. पण ‘डबा भरलेला असावा’ असं लिहून दिलंत की कोणती आई अर्धा डबा पाठवेल?

आता तक्रारी.

पहिली, वेळ. सव्वादहाला घंटा होते आणि साडेदहाला डबे गोळा होतात. हात धुण्याची रांग, श्लोक, डबे उघडणं, सगळं त्या पंधरा मिनिटांत. चारी बाजूंनी क्लिप असलेलं झाकण तीन वर्षांच्या बोटांना उघडत नाही. मूल डबा पुढे धरून मावशींची वाट बघत बसतं. पालकसभेच्या दिवशी दाराच्या काचेतून मी एका मुलाला असं बसलेलं पाहिलं. त्याचा डबा उघडला तेव्हा शेजारच्या मुलीचा गोळा झाला होता. या वयाच्या मुलाला शांतपणे खायला वीस ते तीस मिनिटं लागतात. पंधरा मिनिटांत भरलेला डबा संपत नाही, तो संपवून घ्यावा लागतो.

दुसरी तक्रार भरवण्याची, आणि ती मला सर्वांत जास्त बोचते. आपल्याकडे काऊचा घास, चिऊचा घास करत पिढ्यान्‌पिढ्या मुलांना भरवलं गेलं. त्यात गोष्ट होती, खिडकी होती, खरोखरचा कावळा होता, आणि मूल नको म्हणालं की तो घास आजीच्या तोंडात जायचा. घड्याळाकडे बघत, तोंडातलं गिळायच्या आत पुढचा घास कोंबायचा, हे ते नव्हे. सप्टेंबरपासून लेक रात्री जेवताना गालात घास धरून बसायला लागली. अर्धा-अर्धा तास, गिळायची नाही, टाकायची नाही. एका रविवारी तिचा शाळेचा फ्रॉक धुवायला घेतला तर खिशात पोळीचे तीन तुकडे, वाळून कडक झालेले. ‘हे काय गं?’ म्हटलं तर म्हणाली, ‘मावशी येते ना.’ जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली लहान बाळांच्या पूरक आहाराबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. मुलाची भूक आणि पोट भरल्याची खूण ओळखून भरवावं, अशी शिफारस त्यांतही आहे. त्या सूचना दोन वर्षांच्या आतल्या बाळांसाठी आहेत. बोलता न येणाऱ्या बाळाची खूण आपण ओळखायची असेल, तर तोंडाने ‘नको’ म्हणणाऱ्या मुलीचं ऐकलंच पाहिजे.

तिसरी, खाऊचं वेळापत्रक. शुक्रवारी ‘सुका खाऊ: पॉपकॉर्न, चणे-शेंगदाणे’ आणि हंगामी फळांत द्राक्षं, असं आपण छापून दिलंय. अख्खे शेंगदाणे, चणे, पॉपकॉर्न आणि न कापलेली द्राक्षं हे चार वर्षांखालच्या मुलांच्या घशात अडकणारे पदार्थ आहेत. बालरोगतज्ज्ञ हे कळकळीने सांगतात. द्राक्षं द्यायची तर उभी चिरून, चार फोडी करून. शेंगदाणे द्यायचे तर कूट करून. त्यातून मूल घाईत, कधी रडत असताना भरवलं जातंय. यात एखाद्या दिवशी काय होऊ शकतं, ते मला लिहवत नाही. हा बदल तरी उद्याच्या उद्या करा, बाकीच्या मुद्द्यांवर नंतर बोलू. बुधवारचा दहीभातही बघा. सकाळी सातला भरलेला दहीभात मुंबईच्या ऑक्टोबरमध्ये सव्वादहापर्यंत बंद डब्यात राहतो. तो उरला तर मुलाने शहाणपणाच केला असं मी म्हणेन.

आणि तो तक्ता. ज्यांच्या नावापुढे तारे कमी, त्या मुलांना वाचता येत नसलं तरी कुणाची रांग रिकामी आहे ते दिसतं. लेक घरी रिकामी वाटी माझ्यापुढे धरते आणि विचारते, ‘आई, फस्त? तारा?’ खाण्याची चव तिला कशी लागली, हे ती मला सांगेनाशी झाली आहे.

आपलं म्हणणं मला माहीत आहे, कारण पालकसभेत ते आपण सांगितलंत: मुलांना अन्नाची किंमत कळली पाहिजे, पानात टाकू नये. मला हे कुणी शिकवायची गरज नाही. माझे वडील गिरणी कामगार होते. १९८२चा संप झाला तेव्हा माझा जन्म व्हायचा होता, पण त्या दिवसांत लालबागच्या आमच्या खोलीत भाकरीचे तुकडे कसे मोजून वाटले जायचे, हे आईने इतक्यांदा सांगितलंय की मला ते पाहिल्यासारखं वाटतं. आजही ती पानाभोवती सांडलेलं शीत उचलून तोंडात टाकते. पण तिनेच मला शिकवलं की पानात टाकायचं नसेल तर आधी कमी वाढून घे. ती निळी बादली रोज भरते, कारण डबे भरून मागवले जातात. उरलेलं घरी आलं असतं तर मी पहिल्याच आठवड्यात अर्ध्या पोळीवर थांबले असते, आणि ती सात थालीपीठं संध्याकाळी आम्ही चहाबरोबर खाल्ली असती.

अंगणवाडीत तर मुलांच्या खाण्याचं प्रमाणच ठरलेलं असतं, असं उदाहरणही सभेत दिलं गेलं, म्हणून लिहिते. २०१३च्या मूळ अन्नसुरक्षा कायद्यात तीन ते सहा वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत सकाळचा खाऊ आणि गरम जेवण मिळून ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं देण्याचा निकष होता, पुढे तो सुधारला गेला. मुलापर्यंत निदान इतकं अन्न पोचलंच पाहिजे, म्हणून सरकारवर घातलेलं ते बंधन आहे. मुलाने इतकं संपवलंच पाहिजे, असं त्यात कुठेही नाही. आणि अंगणवाडी सेविका मुलाचं वजन करून त्याची नोंद ठेवते, त्यावरून मुलाचं पोषण बघते. घ्यायचंच तर ते घ्या.

आपल्या कार्यालयात, खुर्चीमागच्या भिंतीवर ताराबाई मोडकांची तसबीर आहे. प्रवेशाच्या दिवशी ती पाहून मला फार बरं वाटलं होतं. गिजुभाई बधेकांच्या बरोबरीने १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा करणाऱ्या, १९४५ साली बोर्डीला जाऊन गावातल्या मुलांसाठी काम सुरू करणाऱ्या ताराबाईंनी मुलाला स्वतःचं स्वतः करू द्यावं, यासाठी आयुष्य घातलं. त्यांच्या नावाने चालणाऱ्या बालशिक्षणात डबा स्वतः उघडणं, आपल्या हाताने खाणं, पुरे झालं की झाकण लावून ठेवणं, हाच मुळी एक तास असायला हवा. सांडेल, वेळ लागेल, लागू द्या.

आम्हा पालकांकडेही बोट आहेच. शाळा सुटल्यावर फाटकाशी आमचा पहिला प्रश्न ‘डबा संपवलास का?’ हाच असतो. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रिकाम्या डब्यांचे फोटो पडतात. मावशींवर आरडाओरडा करणारे पालक आमच्यातलेच. ज्यांच्या घरी मूल खरोखर अशक्त आहे, त्यांची काळजी मी समजू शकते. त्यांनी डॉक्टरांचं लेखी सांगणं शाळेला द्यावं आणि त्या मुलाकडे वेगळं लक्ष द्यावं. बाकी आम्ही हा प्रश्न विचारणं बंद करू. मी केलंय. हल्ली मी विचारते, ‘आज डब्यात काय आवडलं?’

माझ्या मागण्या अशा. मुलाने जे उरवलं ते त्याच्याच डब्यात, झाकण लावून घरी पाठवा. वास येईल, मुंग्या येतील ही काळजी आमची, धुण्याचं कामही आमचं, त्यासाठी जास्तीचा नॅपकिन आणि पिशवी आम्ही देऊ. ‘डबा फस्त’चा तक्ता काढून टाका आणि स्नेहसंमेलनातलं बक्षीस रद्द करा. डब्याची सुट्टी निदान पंचवीस मिनिटांची करा. मूल ‘नको’ म्हणालं की भरवणं थांबवा, आणि ही सूचना मावशींना लेखी द्या, म्हणजे उद्या एखाद्या पालकाने त्यांना बोल लावला तर त्यांच्या हातात कागद असेल. वेळापत्रकातून पॉपकॉर्न, चणे-शेंगदाणे आणि अख्खी द्राक्षं आजच काढा. ‘डबा भरलेला असावा’ हे वाक्य खोडून ‘मुलाला लागेल तेवढाच डबा द्यावा’ असं लिहा. डब्याच्या वेळेला आणखी एका मावशींची सोय करा. त्यासाठी फी थोडी वाढवावी लागली तर माझी तयारी आहे, आणि ज्या आयांशी बोलले त्यांच्यातल्या काही जणींचीही.

यातल्या कोणत्याही मुद्द्यावर बोलायला मी शाळेत यायला तयार आहे, शनिवारी किंवा सुट्टी टाकून. पत्राची एक प्रत आपल्या कार्यालयात पोच घेऊन दिली आहे.

सोमवारी मी डब्यात अर्धी पोळी देणार आहे, तूपगूळ लावून गुंडाळी केलेली, आणि चिकूच्या चार फोडी. एका कप्प्यातच मावेल. तिने एकच फोड खाल्ली तर उरलेल्या तीन तशाच परत पाठवा.

आपली,
नर्सरीतल्या एका मुलीची आई
मुलुंड (पूर्व), मुंबई